लेकुरवाळी अळी

आत्याबाई, तुम्ही गेल्याला आज सतरावा दिवस. गोडं जेवण झालं, पाहुणे आपापल्या वाटेला लागले, आणि माझं तुमच्याशी असलेलं भांडण आहे तिथंच आहे. समोर माणूस उरलं नाही म्हणून भांडण सोडून द्यावं, एवढी मी गुणाची नाही. ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?

तेरा दिवस बाया येऊन बसत होत्या, तुमचं चांगलं बोलत होत्या. सासू कष्टाळू होती, सासू शब्दाची पक्की होती, पेरणीत चाड्यावर असा हात साऱ्या वडूज भागात दुसरा नव्हता. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. एकही बाई खोटं बोलत नव्हती, आणि म्हणूनच माझा जळफळाट होत होता. माझ्याकडं एक गोष्ट होती, ती ऐकली असती तर त्यांच्या हातातली कपबशी हातातच राहिली असती. मी बोलले नाही. दातांखाली धरून ठेवली.

आता सगळं सांगते. तुम्हाला ठाऊक आहे तेही सांगते आणि ठाऊक नाही तेही.

मी कऱ्हाडकडची, नदीकाठची. माझ्या बापानं मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या: चौथीपर्यंतची शाळा आणि चाड्यावरची मूठ. पाभरीला बैल जुंपले, वर चाडं बांधलं, की त्या लाकडी वाटीत हातातलं बी सारखं सोडत चालायचं, कुठं दाट नाही, कुठं विरळ नाही. बाप म्हणायचा, माझ्या तारीची मूठ सासरची कणगी भरेल. लग्न होऊन तुमच्या घरात आले, पहिलीच जोंधळ्याची पेरणी आली, आणि मी मोठ्या हौसेनं पदर खोचून पाभरीकडं निघाले. तुम्ही माझा हात धरलात. "न्हाई. आपल्यात पयली मूठ लेकुरवाळी धरती. तू लेकुरवाळी झालीस की धर."

बरं म्हटलं. नवी होते. वर्षभरात लढाई सुरू झाली, तुमचा लेक पलटणीत गेला, आणि मी दर पेरणीला पाभरीमागून पायांनी पेरलेले तास मातीनं दाबत चालत राहिले. पुढं तुम्ही, हातात मूठ. मागं मी. एकूण नऊ पेरण्या मी तुमचा हात मागून बघितला. मला त्या घरात दागिना नको होता, किल्ल्या नको होत्या. मला ती मूठ हवी होती. तुम्हाला हे माहीत होतं, आणि तुम्ही ती दर वर्षी माझ्या डोळ्यांदेखत धरत होता.

त्यातच ते अळीचं वर्ष आलं.

जोंधळा गुडघ्याएवढा झाला आणि मी आल्यापासून पहिल्यांदाच ओढ्याकडच्या पट्टीत अळी पडली. आपल्या गावात तिला पलटणच म्हणायचे, कारण एक रान संपलं की ती रांग धरून दुसऱ्या रानात जायची. दिवसा पोंग्यात, कोवळ्या पानांच्या सुरळीत, दडून बसायची, पानांना नुसत्या शिरा ठेवायची. सकाळच्या दहिवरात आळीतल्या सगळ्या बाया मिळून पोंगे झाडायच्या, पाट्या भरून अळ्या खड्ड्यात लोटायच्या. त्यात तुमचा एक नेम होता. पानावर एखादी अळी निपचित बसलेली असायची, आणि तिच्या अंगाला लागून तांदळाच्या दाण्याहून बारीक, कापूस गुंडाळल्यागत पांढऱ्या कुप्यांचा पुंजका असायचा. वीस-पंचवीस कुप्या. ती त्यांच्यावर पाय पसरून बसायची. ही लेकुरवाळी. तिला मारायचं नाही. पानासकट खुडून बांधावर ठेवायचं आणि वर तिला हात जोडायचे. गावात हा नेम तुम्हीच घातला होता, आणि बाया पाळत होत्या.

मला काय ठाऊक? आमच्या नदीकाठाला असलं काही नव्हतं. माझ्या हाताला पहिलीच लेकुरवाळी लागली ती मी दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं चिरडली.

"अगं, लेकुरवाळी हुती ती," तुम्ही म्हणालात.

"अळीच न्हवं? जोंधळा खातीया आपला."

तुम्ही कमरेवर हात ठेवलात, आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा बेतानं बोललात. "तुला काय कळायचं लेकुरवाळीचं. जिची कूस कोरडी तिच्या हातात दया कुठनं यील?"

शेजारच्या धोंडूकाकू तोंडाला पदर लावून हसल्या. बाकीच्या बाया पोंगे झाडायला लागल्या, जणू काही झालंच नाही. माणूस दोन वर्षांत एकदा वीस दिवसांच्या रजेवर आलेला, त्यातले चार दिवस आगगाडीत गेलेले, आणि कोरडी मी. पण हे बोलायची तोंडं आपल्याकडं सुनांना नसतात.

आता जे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही ते ऐका. त्या दिवसापासून रोज दुपारी तुमचा डोळा लागला की मी ओढ्याकडं जायची. सकाळी बायांनी बांधावर ठेवलेल्या लेकुरवाळ्या हुडकून काढायची. दोन दगड घेऊन बसायची आणि एकेकीला चिरडायची, कुप्यांसकट. घाईनं नाही, सावकाश. प्रत्येकीला तुमचं नाव देऊन. हात लावला की त्या डोकं उचलून आपटायच्या, तेवढंच त्यांच्यात बळ असायचं. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं. आपल्या पट्टीतली मी एकही सोडली नाही.

पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा अळी पडली. धोंडूकाकूंच्या रानात थोडी, वरच्या आळीच्या रानांत थोडी, आणि आपल्या पट्टीत एवढी की पोंग्यात बोट घालायला जागा नव्हती. त्या वर्षी आपल्याला कडबासुद्धा धड मिळाला नाही. तुम्ही उंबऱ्यात बसून, मला न बघता, "पायगुण," एवढंच म्हणालात. आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

आणि आठव्या दिवशी बोललात ते पत्र लिहायला. घरात अक्षर येणारी मी एकटी, त्यामुळं तुमच्या लेकाला पत्र मीच लिहायची. तुम्ही भिंतीला टेकलात आणि सांगायला लागलात. "लिव्ह. किसनास आशीर्वाद. हिला मूल न्हाई. म्या दुसरी बघितलीया, औंधाकडची हाय, घर चांगलं हाय. रजा काढून ये आन् दोन अक्षता टाकून जा."

माझ्याच हातानं माझी सवत लिहायची होती, आत्याबाई. तुम्हाला एवढंही वाटलं नाही की दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावं. माझी मान खाली होती, टाक चालत होता, आणि तुम्ही समाधानानं बघत होता. मी लिहिलं: आईस व मला बरं आहे, ओढ्याकडच्या पट्टीत अळी पडली आहे, तुमची काळजी वाटते. दुसरं काही लिहिलं नाही. दीड महिन्यानं उत्तर आलं. अळीवर राख धुरळा, असं त्यात होतं. मी तुम्हाला वाचून दाखवलं: "आईस कळावे, तुमची गोष्ट मनास येत नाही, पुन्हा काढू नये." तुम्ही तोंड वळवून घेतलंत. ते खोटं मी तुम्ही होता तोवर जपलं, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. आजही वाटत नाही.

पुढच्या वर्षी पंचमीला मी माहेरी गेले. माझा भाऊ महादू तिकडं सरकारी शेतावर कामाला होता, किड्यांच्या खोलीत. लढाईत घासलेट मिळेना म्हणून कंदिलाच्या काचा रिकाम्या पडलेल्या, त्या सगळ्या शेतावरच्या लोकांनी तिथं आणून मांडल्या होत्या. प्रत्येक काचेत पानं, पानांवर अळ्या, वर मलमलीचं फडकं बांधलेलं. एका काचेत मला ओळखीचं दिसलं. निपचित अळी, अंगाखाली पांढऱ्या कुप्या.

"ही लेकुरवाळी," मी म्हणाले.

महादू एवढा हसला की त्याला ठसका लागला. "कुणी सांगितलं तुला? तायडे, ती पोरं तिची न्हाईत. भिंतीवर मातीचं घर बांधती ती कुंभारीण माशी म्हाईत हाय न्हवं? तिची लय बारकी जात, मुंगीएवढी. ती येती, अळीच्या अंगात नांगी खुपसती आन् आत अंडी घालून जाती. पोरं आतल्या आत वाढत्यात. अळीचं रक्त पित्यात, चरबी खात्यात. काळजाला तेवढं तोंड लावत न्हाईत."

"का?"

"ती मेली तर ह्यांना खायला कोण घालणार? आठ-धा दिस ती चरती, हिंडती, लोकांना वाटतं धडधाकट हाय. मग एका दिसात सगळी कातडं फोडून भाईर येत्यात आन् तिथंच कुप्या विणत्यात. चार-पाच दिसांनी कुपीतनं माशी भाईर. ती पुन्यांदा दुसऱ्या अळ्या हुडकती. आमचं साहेब म्हणत्यात, असली एक अळी रानात ठेवली तर पुढच्या शंभर मरत्यात."

मी तिथंच जमिनीवर बसले. आधी मला हसू आलं, असं हसू की महादू घाबरला. वडूज भागातली सगळ्यात मानाची बाई बांधावर उभी राहून हात जोडायची, ते असल्या अळीला. आत्याबाई, तेव्हा तुम्ही तिथं असायला हवं होतं.

आणि मग हसू गेलं. दोन दगड आठवले. दुपारच्या दुपार मी बांधावर बसून आपल्या पट्टीचे राखणदार चिरडले होते. धोंडूकाकूंच्या रानात ते सुटून गेले, त्यांचा जोंधळा वाचला. तुमच्यावर सूड उगवायला गेले आणि आपलंच रान खाऊ घातलं. पायगुण नव्हता, हातगुण होता, आणि तो माझाच होता. हे मी महादूलाही सांगितलं नाही. तुम्हाला आज सांगते आहे, कारण आज तुम्ही मला पायगुणावरून बोलू शकत नाही.

पण माझा सूड काही तेवढ्यानं निवला नाही, उलट त्याला धार आली. मी महादूकडून एक काच मागून घेतली. माशीनं टोचलेल्या दोन अळ्या त्यानं आत सोडून दिल्या, बाजरीची पानं घातली, आणि मी ती काच मांडीवर धरून कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं कऱ्हाडहून वडूजला आले. वाटेत गाडी तीनदा बंद पडली. लोक उतरून ढकलत होते, मी काच छातीशी धरून बसले होते. तुमच्यासमोर काय बोलायचं ते मी वाटभर मनात घोटत होते.

घरी येऊन काच देवळीत ठेवली. तुम्ही विचारलंत, हे काय आणलंस? मी म्हटलं, बघा की. एक अळी वाटेतच मेली होती. दुसरी दोन दिवस पानं खात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या अंगातून पांढुरक्या वळवळत्या अळ्या बाहेर पडायला लागल्या, एकीमागून एक. तुम्ही जात्यावरून उठून आलात. दळण तसंच राहिलं. संध्याकाळपर्यंत कुप्या झाल्या, आणि अळी त्यांच्यावर पाय पसरून बसली.

तेव्हा मी बोलले. महादूनं सांगितलेलं सगळं सांगितलं आणि वर माझ्या पदरचं घातलं. "ही तुमची लेकुरवाळी, आत्याबाई. पोरं हिची न्हाईत. दुसरीनं घातलेली हायत. हिला पोखरून भाईर आली. हिला वाटतंय आपलीच हायत, आन् तुमी हात जोडताय."

तुमच्या तोंडावर काही दिसेना. तुम्ही फडकं थोडं सोडलंत, करंगळी आत घालून अळीच्या पाठीला लावलीत. तिनं मान उचलून आपटली.

"मग ही राखतीया कशापायी?" तुम्ही विचारलंत.

"राखत न्हाई. अंगात बळ न्हाई म्हणून पडलीया."

"बळ न्हाई तर मान कशानं आपटतीया?"

महादूला मी हेच विचारलं होतं, त्यालाही सांगता आलं नव्हतं. त्यांच्या साहेबालाही ठाऊक नाही म्हणाला. मी एवढी वाटभर घोटलेली भाषणं, आणि तुमच्या एका प्रश्नापुढं मी आडवी.

तुम्ही खाली बसलात. कानडीत काहीतरी पुटपुटलात. राग आला किंवा जीव घाबरा झाला की तुमच्या तोंडी कानडी यायची, जतकडची. मग मराठीत म्हणालात, "किसना माझ्या पोटचा न्हाई."

मी काचेकडं बघत राहिले.

"तिकडं जतला मला सवत हुती. धाकटी. मला मूल हुईना म्हणून मीच बघून आणली हुती. किसना झाला आन् सव्वा महिन्याच्या आत गेली ती. दुस्काळात गाव सोडलं, हिकडं आलो, तवा हा माझ्या कडंवर. बाया म्हणाल्या, किसनाची आई. म्या व्हय म्हटलं. सासरा तुझा काय बोलला न्हाई. मरंस्तवर बोलला न्हाई."

आणि म्हणालात, "त्याला ठाव न्हाई. कुणालाच ठाव न्हाई."

तुम्हाला वाटलं असेल, आता ही रडेल, गळ्यात पडेल. मला राग आला, आत्याबाई. वांझ तुम्ही. मला बायांच्या देखत कोरडी म्हणालात ते तुम्ही. सवत आणायचं पत्र मला लिहायला सांगितलंत ते तुम्ही, आणि सवत घरात आली की काय होतं ते आपल्या डोळ्यांनी बघून बसलेल्याही तुम्हीच. मी सूड घ्यायला काच आणली होती, आणि तुम्ही स्वतःच सगळं माझ्या ओटीत टाकून मोकळ्या झालात. भांडायला काही ठेवलं नाहीत. मी उठले आणि राहिलेलं दळण दळायला बसले.

पाच दिवसांनी सकाळी काचेच्या आत बारीक काळ्या माशा भिरभिरत होत्या. अळी वाळून गेली होती. तुम्ही मला न विचारता काच उचललीत, बाजरीच्या रानात नेलीत आणि फडकं सोडलंत. मी बांधावरून बघितलं. तुम्ही हात जोडलेत, आता सगळं माहीत असूनही.

त्यानंतर महिन्याभरात जोंधळ्याची पेरणी आली. मला वाटलं, आता तरी. पाभर उभी राहिली, नारळ फुटला, आणि तुम्ही माझ्या डोळ्याला डोळा देऊन चाड्यावर मूठ धरलीत. म्हणजे मी कोण ते तुम्हाला ठाऊक, तुम्ही कोण ते मला ठाऊक, आणि तरी मूठ तुमची. त्या दिवशी मी पाभरीमागून चालताना ठरवलं की एक ना एक दिवस हे मी चारचौघांत बोलेन. तुम्ही असताना बोलेन.

बोलले नाही ते का, हेही सांगते. त्या काचेनंतर तुम्ही दुसरीचा विषय पुन्हा काढला नाही. औंधाकडचे लोक येऊन गेले, त्यांना तुम्ही ताक पाजून वाटेला लावलंत. आणि त्या वर्षी मला हिवताप आला, तेव्हा तुम्ही तीन आठवडे माझ्या अंथरुणाशी बसलात. कण्या शिजवून चमच्यानं भरवल्यात, घामानं भिजलेलं लुगडं रोज धुतलंत. दुकानात जोंधळा मोजून मिळायचा तेव्हा स्वतःच्या भाकरीतली चतकोर माझ्या ताटात टाकायचात आणि मी बघितलं की म्हणायचात, "मला पचत न्हाई." मी सगळं खाल्लं. आभार कधी मानले नाहीत. तुम्हीही मऊ बोलला नाहीत. ताप उतरल्यावर तुमचं पहिलं वाक्य होतं, "ऊठ आता, शेणकूट पडलंय." बाई, तुमच्यावर धड रागही धरू दिला नाहीत कधी.

लढाई संपली, तुमचा लेक आला. तुम्ही त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलंत, आंधळ्या माणसानं बघावं तसं. मी बाजूला उभी होते आणि मनात म्हणत होते, एका शब्दात मी हे सगळं मोडू शकते. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तुम्हालाही तेच वाटत होतं. दोन वर्षं आपण दोघी त्या एका शब्दाभोवती भाकऱ्या थापत होतो.

भादव्यात तुम्ही पडलात. शेवटच्या दिवशी दुपारी किसना वैद्याकडं गेला होता. तुम्ही माझं मनगट धरलंत. "त्याला सांगू नगंस."

मी पाण्याची वाटी तुमच्या तोंडाला लावली. तुम्ही दोन घोट घेतलेत आणि वाट बघत राहिलात. मी वाटी मांडणीवर ठेवली, पदर सारखा केला, पांघरूण नीट केलं. शब्द दिला नाही. तुम्ही माझ्याकडं बघत होता, आणि मी दिला नाही. हे तुम्ही बरोबर घेऊन गेलात. नऊ वर्षं तुम्ही मला मूठ दिली नाहीत, मी तुम्हाला एक शब्द दिला नाही. फिटंफाट झाली असं मला त्या दुपारी वाटलं होतं.

परवा पेरणी काढली. हस्ताचा पाऊस बरा झाला होता, ओल होती, थांबून चालणार नव्हतं. किसनानं बैल जुंपले. डोक्यावर अजून नीट केस आलेले नव्हते, टोपी सैल झाली होती. मी पाभरीला हळदकुंकू लावलं, ओटीत बी घेतलं आणि चाड्यापाशी जाऊन उभी राहिले. बांधावर बाया होत्याच.

धोंडूकाकू पुढं आल्या. "किसना, मी म्हणते म्हणून राग नगं मानू. पर तुझी आई असती तर तिनं हे करू दिलं नसतं. वांझंचा हात चाड्याला लावू नगंस. माझी थोरली सून येती की, लेकुरवाळी हाय."

तुमचा लेक बैलांच्या शिंगांकडं बघत उभा राहिला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मी त्याच्याकडं बघितलं, थोडं थांबले. तो काही बोलला असता तर मी बोलले नसते, एवढं तुम्हाला खरं सांगते.

मग मी म्हणाले, "काकू, ह्या चाड्यावर पंचवीस वरसं वांझंचाच हात हुता. आमची कणगी कवा रिती ऱ्हायली का, तेवढं सांगा."

धोंडूकाकूंना कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर त्यांनी तोंडाला पदर लावला. या वेळी हसायला नाही. झालं, आत्याबाई. चारचौघांत झालं. तुमचा मान, तुमचा हात, तुमची लेकुरवाळी, सगळं मी एका दमात बांधावर टाकलं. आणि त्याच दमात त्या बायांसमोर हेही निघालं की वांझ बाईच्या मुठीनं गावात सगळ्यात दाट जोंधळा पिकवला. मला दोन्ही हवं होतं. एक वेगळं काढून दुसरं सांगता येत नव्हतं.

किसनानं कासरा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली नाही.

"मूठ धर," तो म्हणाला. "बैल खोळंबल्यात."

मी मूठ धरली. बापानं शिकवली होती तशी धरायला गेले, अंगठा बाहेर ठेवून. चार पावलं गेले आणि बघते तर अंगठा आत, करंगळी थोडी उचललेली, बी शेवटच्या दोन बोटांतून सुटतंय. नऊ वर्षं मागून बघितलेला तुमचा हात माझ्या मनगटात येऊन बसला होता. मी दोनदा सोडून बापासारखी धरून बघितली. बी विरळ पडायला लागलं. मग तशीच राहू दिली आणि सबंध रान तुमच्या मुठीनं पेरलं. किती राग आला म्हणून सांगू.

दुपारी बांधावर भाकरी सोडली. बाया केव्हाच निघून गेल्या होत्या. किसनानं अर्धी भाकरी खाल्ली, कांदा तसाच ठेवला, आणि पलीकडच्या रानाकडं बघत विचारलं, "तिचं नाव काय हुतं?"

"कुणाचं?"

"मला जिनं जन्म दिला तिचं."

मला ठाऊक नव्हतं. तुम्ही सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. दोन वर्षं ती बाई माझ्याजवळ होती, तुमच्यावर उगारायला म्हणून मी तिला जपून ठेवली होती, आणि एवढ्या काळात तिला नाव असेल असं माझ्या मनात आलं नाही. तुमच्या लेकाला मी तुमच्यापासून तोडलं, आणि त्याच्या हातात द्यायला माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. तो उठून बैलांना पाणी दाखवायला गेला.

जतला कुणी जुनं माणूस उरलंय का ते बघायला तो उद्या निघतोय. मी दशम्या बांधल्यात. माझ्यावर राग धरायचा तर धरा, आत्याबाई, मी शब्द दिलाच नव्हता. दुसरीचं पोर राखत तुम्ही का बसला होता, तेही नका सांगू. पण एवढं एक सांगा, तिचं नाव काय होतं?